स्कोअररने बोलायचं नसतं

पाचव्या इनिंगला प्लेटपाशी ट्वायला आली
आणि माझी पेन्सिल अडली.
कार्डावर तिच्या आधी डोरीन होती.
डोरीन बाकावर. एका बुटाची नाडी बांधून झालेली,
दुसऱ्या बुटाकडे बघत बसलेली,
जणू तो कुणीतरी सांभाळायला दिलाय.

स्कोअररने बोलायचं नसतं.
अंपायरनेही नाही.
क्रम चुकला तर तो समोरच्या संघाने पकडायचा,
आम्ही मूग गिळून टोक काढत बसायचं.
बॅटिंग चालू असतानाच लक्षात आलं तर निभावतं:
खरी बॅटर येते, आधीचे बॉल आणि स्ट्राइक
बापाच्या उधारीसारखे अंगावर घेते, खेळते.
पण ट्वायलाने पहिलाच चेंडू
मक्याच्या कडेला धाडला,
लव्हॉन तिसऱ्या बेसवरून चालत चालत घरी आली.

आता मुदत फक्त पुढचा चेंडू पडेपर्यंत.
तो पडला की चूक नियमात बसते,
मग कुणी काही म्हणू शकत नाही.
टाक गं बाई, टाक, मी मनात म्हणत होते.
पिचर हात पुसत राहिली, पँटला, मग शर्टाला.
दिव्यांभोवती पाखरं.
आणि सेंट वेन्सेस्लावच्या बाकावरून मार्सेला हावलिक
चार घड्यांचं कार्ड उलगडत बाहेर आली.

मार्सेला बरोबर होती.
मी नसते गेले. पण ती बरोबर होती.

शिक्षा अशी आहे:
जिने मारला ती नव्हे,
जिचा नंबर होता आणि जी उठली नाही, ती आउट.
लव्हॉनची धाव खोडायची, लव्हॉन परत तिसऱ्यावर.
ट्वायलाला दुसऱ्या बेसवरून बोलावून
पुन्हा बॅट हातात द्यायची,
कारण डोरीननंतर नंबर तिचाच.
आउट केल्याचं श्रेय कॅचरला,
जिने चेंडूला बोटही लावलं नव्हतं.
ट्वायलाने या वेळी पिचरच्या हातात उंच झेल दिला
आणि बॅट न आपटता ठेवली.

डोरीन उठली. ‘मी खेळले का?’
‘हो,’ कुणीतरी म्हणालं.
वहीतही तसंच होतं.

एकेचाळीस वर्षं ती पोस्टाच्या खिडकीत होती.
तीनशे बारा पेट्या, कुठली कुणाची,
कुणाच्या पेटीत बँकेचं पत्र आलं की कुणाला सांगायचं नाही,
सगळं पाठ.
एप्रिलमध्ये बियाण्यांच्या दुकानात
तिला माझं नाव सापडेना,
बराच वेळ माझी बाही धरून उभी राहिली, मग म्हणाली,
‘एकशे सतरा.’
मी म्हटलं, हो, एकशे सतराच.

सातव्या इनिंगला तिला लव्हॉनने कोपर धरून उठवलं.
तिसरा चेंडू. शॉर्टस्टॉपच्या डावीकडून,
गवतावरून, जोर नसलेला,
पण कुणाच्या हाती न लागणारा.
डोरीन पहिल्या बेसवर पोचली, कंबरेवर हात ठेवून.

आमच्या साठीपुढच्या लीगमध्ये
कर्टसी रनर कुणासाठीही मागता येतो.
ट्वायला पळत निघालीही होती,
तिला शर्ट धरून मागे ओढलं: पुढची बॅटर तूच,
बेसवर असताना तुझा नंबर आला तर तू आउट.
मग जोलीन गेली. एकसष्ट वर्षांची, आमच्यातली पोर.
मार्सेलाने तिकडून नुसती मान हलवली.

जोलीन बेसवर जाऊन उभी राहिली.
डोरीन उतरली नाही.
‘हा माझा आहे,’ ती म्हणाली,
भांडून नव्हे, पेटी नंबर सांगावा तशी.
एका पांढऱ्या पिशवीवर दोघींचे बूट,
चारातली एक नाडी सुटलेली.

अंपायर रॉलंड कुचेराने टाइम दिलेला होता.
तो मास्क काढून
आधीच स्वच्छ असलेली प्लेट झाडायला वाकला,
आणि झाडत राहिला.
मी पेन्सिल खाली ठेवली.